भरीव निर्णय

ज्या वस्तूचे अंतरंग विकत घेणाऱ्याच्या दृष्टीस आजन्म पडावयाचे नाही, आणि ज्या दिवशी ते पडेल त्या दिवशी ती वस्तूच निकामी झाली असे समजावयाचे, अशा वस्तूच्या अंतरंगाविषयी मनुष्य जितक्या आवेशाने वाद घालतो तितक्या आवेशाने तो डोळ्यांसमोरच्या गोष्टीविषयी क्वचितच घालीत असेल. आत्म्याविषयीचे वाद या देशाने पुष्कळ ऐकले; परंतु चेन्नईच्या दक्षिण अंगास शोळिंगनल्लूर नावाच्या वस्तीत रोज सकाळी सहाच्या सुमारास जो वाद पेटतो, तो आत्म्याहूनही गूढ अशा विषयावर असतो, आणि तो विषय म्हणजे पिकलबॉलच्या पॅडलचा गाभा पोकळ असावा की भरीव असावा, हा होय.

महाराष्ट्राच्या महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालवून, सातबाराचे उतारे, फेरफाराच्या नोंदी आणि तक्रारी अर्ज यांच्या सहवासात केस पांढरे केल्यानंतर, उरलेला काळ मुलाच्या बिऱ्हाडी स्वस्थपणे काढावा या उद्देशाने मी येथे आलो, तेव्हा या वादात मला चिटणिसाची जागा पत्करावी लागेल अशी पुसटशीही कल्पना मला नव्हती. शोळिंगनल्लूर हे एके काळचे खेडे आहे, आणि हमरस्ता सोडून थोडे आत शिरले असता ते खेडेपण अजूनही एखाद्या देवळाच्या ओट्यावर किंवा इडलीच्या दुकानात निवांत बसलेले आढळते. पण ज्या रस्त्याला सरकारदरबारी राजीव गांधी सालै म्हणतात आणि जो लोकांच्या तोंडी ओएमआर या तीन अक्षरांपलीकडे जात नाही, त्या रस्त्याच्या दुतर्फा मात्र एल्कॉटचे विशेष आर्थिक क्षेत्र, इन्फोसिस, विप्रो आणि त्यांचे लहानमोठे सगेसोयरे यांनी काचेच्या इमारतींचा असा अंमल बसविला आहे की, पुण्यानागपूरकडच्या निम्म्या अभियंत्यांस लग्नापूर्वी एकदा तरी येथे येऊन सांबारभातावर दिवस काढावे लागतात. (ज्या इन्फोसिसच्या आवारात हे तरुण नोकरी करतात ती कंपनी १९८१ साली पुण्यात जन्मली, हे मी त्यांना अधूनमधून सांगतो, त्याने त्यांच्या पगारात फरक पडत नाही, पण माझ्या प्रकृतीस बरे वाटते.) रस्त्याच्या मध्यभागी मेट्रोचे खांब, पूर्वेस बकिंगहॅम कालवा, त्यापलीकडे अक्करै आणि समुद्र, वायव्येस पळ्ळिकरणैची ती विस्तीर्ण दलदल, जिला २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले, आणि या चतुःसीमेच्या आत, बहुमजली गृहसंकुलाच्या ज्या अंगणात पूर्वी टेनिसचे कोर्ट होते तेथे हिरव्यानिळ्या रंगाने आखलेली पिकलबॉलची दोन कोर्टे.

प्रकरणाचा उगम एका अर्जात आहे, आणि प्रकरणांचा उगम अर्जात असणे हे मला नेहमीच शुभसूचक वाटत आले आहे. चौथ्या मजल्यावर राहणारे एक डॉक्टर रात्रपाळी करून पहाटे निजतात, आणि ते निजतात न निजतात तोच खाली खेळास आरंभ होतो. पोकळ गाभ्याच्या पॅडलवर कठीण प्लास्टिकचा सच्छिद्र चेंडू आदळला म्हणजे निघणारा आवाज फार मोठा नसला तरी तीक्ष्ण असतो, अनियमित असतो, आणि पुढचा केव्हा येणार याची वाट पाहण्यास निजलेल्या मनुष्याला भाग पाडणारा असतो. अमेरिकेत या आवाजावरून शेजाऱ्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या आहेत, आणि तेथील नियामक संस्थेने २०२३ साली कमी आवाजाच्या साहित्याचा स्वतंत्र वर्गच मुक्रर केला. आमच्या डॉक्टरांनी मात्र फिर्याद न करता असोसिएशनकडे दरखास्त दिली की, क्लब-हाउसमधील सार्वजनिक पॅडले जुनी झालीच आहेत, तर ती मोडीत काढून त्यांच्या जागी फोमच्या भरीव गाभ्याची, आवाजाने काहीशी खर्जातली, आणि सर्वांना चालतील अशी ऑल-राउंड पॅडले घ्यावीत. शेवटी त्यांनी तळटीप जोडली होती, की तशी पॅडले आल्यास आपणही खेळावयास येऊ. या तळटिपेमुळे अर्ज फेटाळणे अशक्य झाले, कारण सकाळच्या मंडळीत चौथ्या गड्याची वाण कायमचीच होती.

समिती नेमली गेली. तीत डॉक्टर स्वतः होते. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतून, म्हणजे जेथे १९५५ सालापासून रेल्वेचे डबे बांधले जातात त्या कारखान्यातून, निवृत्त झालेले एक फोरमन होते. कुंभकोणमच्या एका महाविद्यालयात गणित शिकवून आलेल्या एक बाई होत्या. पुण्याचा एक तरुण संगणक अभियंता होता, जो मला काका म्हणतो आणि माझे काहीही ऐकत नाही. आणि खजिनदार म्हणून माझी सून होती, जिच्या मते क्लब-हाउसच्या भिंतीचे पोपडे हे कोणत्याही गाभ्यापेक्षा अधिक तातडीचे काम होते. फोरमनसाहेब मला "सार्" म्हणत, मी त्यांना "साहेब" म्हणे, आणि आमचे संभाषण रेल्वेतील हिंदी, कचेरीतील इंग्रजी आणि हातवारे या तीन भाषांत चाले. तिन्ही दोघांनाही सारख्याच अपुऱ्या येत असल्यामुळे गैरसमजास वाव राहत नसे.

कोणत्याही मिळकतीच्या प्रकरणात आधी वंशावळ पाहावी हा आमच्या खात्याचा दंडक असल्यामुळे पहिल्या बैठकीत मी या खेळाची वंशावळ सादर केली. १९६५ सालच्या उन्हाळ्यात, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर, पुढे त्या राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर झालेले जोएल प्रिचर्ड आणि त्यांचे स्नेही बिल बेल हे गोल्फ खेळून घरी आले, तो मुलेमाणसे कंटाळून बसलेली. अंगणात बॅडमिंटनचे कोर्ट होते, पण साहित्य पुरते मिळेना. म्हणून टेबल-टेनिसच्या फळ्या आणि भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन त्यांनी वेळ मारून नेली, बॅडमिंटनच्या उंचीला लावलेले जाळे पुढे ३६ इंचांवर उतरविले, आणि बार्नी मॅकॅलम या तिसऱ्या स्नेह्याच्या मदतीने नियम बांधले. कोर्ट मात्र ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीचे होते तेवढेच राहिले. आता बॅडमिंटनचे नियम १८७३ साली कोठे बांधले गेले? तर पुण्याच्या छावणीत. त्या खेळास काही काळ पूना असेच म्हणत. यावरून, मी समितीस विनयपूर्वक निदर्शनास आणून दिले, पिकलबॉल हा पुण्याचा नातू ठरतो, आणि शोळिंगनल्लूरच्या या अंगणात उभे राहून जर कोणास आजोळी आल्यासारखे वाटत असेल तर तो अधिकार प्रथम माझा आहे.

यावर फोरमनसाहेबांनी हरकत घेतली. त्यांनी तरुणपणी बॉल बॅडमिंटन खेळून काढले होते, आणि पिवळ्या लोकरीच्या चेंडूने, लाकडी रॅकेटने, पाचपाच गड्यांनी खेळावयाचा तो खेळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंजावरच्या राजघराण्यात खेळला जाई हे त्यांना पाठ होते. तेव्हा चेंडू आणि जाळे यांचा विवाह प्रथम तमिळ भूमीत झाला, पुण्यात नव्हे, असे त्यांचे म्हणणे पडले. मी ते तत्परतेने कागदावर घेतले आणि खाली इतकेच टिपले की, तंजावरचे ते राजघराणे म्हणजे शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे भोसले घराणे होय. सबब वादी व प्रतिवादी या दोघांच्याही दाव्याचा लाभ एकाच घरात जातो. गणिताच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि हा मुद्दा खरेदीशी कसा संबद्ध आहे असे विचारले. तो संबद्ध नव्हता.

वस्तुतः आधुनिक इतिहासातही आमच्या बाजूस पुरावा कमी नाही. हा खेळ भारतात आणला तो मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी; १९९९ साली कॅनडात त्यांनी तो प्रथम पाहिला, पुढे अमेरिकेहून पॅडले आणि चेंडू बरोबर आणले, आणि २००८ साली मुंबईत अखिल भारतीय संघटना उभी केली. २०२५ साली केंद्र सरकारच्या क्रीडा मंत्रालयाने मान्यतेची सनद दिली ती मात्र निराळ्याच संघटनेला. एका खेळास दोन संघटना असल्यावाचून तो खेळ या देशात रुजला असे मानण्याची वहिवाट नसल्यामुळे हेही यथाक्रमच झाले. त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईच्या सीसीआयवर जी पहिली वर्ल्ड पिकलबॉल लीग भरली तिच्या चालकांत गौरव नाटेकर होते, म्हणजे १९९४ च्या आशियाई खेळांत लिअँडर पेसच्या जोडीने टेनिस दुहेरीचे सुवर्णपदक मिळविणारे, आणि सांगलीच्या मातीतून निघून १९५६ साली परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय जे नंदू नाटेकर, त्यांचे चिरंजीव. बापाने फूल उडविले, मुलाने चेंडू मारला आणि मग भोकांचा चेंडू सर्व देशाच्या हाती दिला. त्या स्पर्धेत आमच्या घरी मुलगा चेन्नईच्या बाजूने आणि मी पुण्याच्या बाजूने बसलो होतो. करंडक बेंगळुरूने नेला, आणि त्या रात्री जेवताना घरात बऱ्याच दिवसांनी एकमत होते.

असो. गाभ्याकडे वळतो.

पहिली पॅडले प्लायवुडची होती. मॅकॅलम यांनी ती करवतीने कापून काढली. ती जड होती, सरळमार्गी होती, आणि आतून जशी होती तशीच बाहेरून होती. पुढे १९८४ साली आर्लेन परांटो नावाच्या, बोइंगच्या कारखान्यातील एका अभियंत्याच्या मनात आले की, विमानाच्या जमिनीस जे मधमाशांच्या पोळ्याच्या घडणीचे हलके तक्ते लावतात त्यांचेच पॅडल का करू नये? तेथपासून पॅडल पोकळ झाले. दोन पातळ कवचे आणि त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवणारे मधले काहीतरी, यापलीकडे त्यात काही नाही. कवचे जितकी दूर तितका ताठपणा अधिक आणि वजन मात्र नाममात्र, हे फोरमनसाहेबांनी आम्हांस दोन पोस्टकार्डे आणि एक आगपेटी यांच्या साहाय्याने सप्रमाण दाखविले, आणि आगपेटी चेपून पुढील अनर्थही दाखविला. कालांतराने पोळे पॉलिप्रॉपिलीनचे झाले, कवच कार्बन तंतूंचे झाले, मग साऱ्याला साच्यात घालून उष्णतेने व दाबाने एकजीव करण्याची रीत आली. पॅडल बलवान झाले, आणि त्याबरोबर त्याचा रोगही बलवान झाला. सहस्र आघात सोसता सोसता पोळ्याच्या भिंती आत चिरडतात, कवच जागच्या जागी सुटे होते, आणि चमत्कार असा की, असे आतून मोडलेले पॅडल चेंडू पूर्वीपेक्षा अधिक वेगाने फेकू लागते. जगातील बहुतेक वस्तू मोडल्या म्हणजे काम थांबवितात. हे एकच साधन असे की जे मोडल्यावर नियमबाह्य होण्याइतके कार्यक्षम होते. अमेरिकेच्या नियामक संस्थेस अखेर पॅडल चेंडूला किती उसळी देते हे मोजण्याची कसोटी घालावी लागली, आणि २०२४ साली एका नामांकित कंपनीची पॅडले मान्य यादीतून उतरविल्यावर प्रकरण न्यायालयापर्यंत गेले.

फोम आला तो या रोगावर उपाय म्हणून. पोळेच नको, मध्ये सलग, भरीव, लवचीक पदार्थ घाला, म्हणजे चिरडावयास भिंतच उरणार नाही. हा पदार्थ बहुधा दोन प्रकारचा असतो: मध्यभागी ईपीपी, म्हणजे मोटारीच्या बंपरच्या पोटात धक्का सोसण्यासाठी भरतात तो, आणि कडेने ईव्हीए, म्हणजे आपल्या पायांतील चपलेचा तळ ज्याचा असतो तो. समितीस हे निवेदन करताच खजिनदारांनी प्रश्न केला की, बंपर आणि चप्पल यांच्या संयोगास दीडशेपासून तीनशे डॉलरपर्यंत मोल कशासाठी पडते. याचे उत्तर पुण्याच्या तरुणाने वीस मिनिटे दिले. त्या वीस मिनिटांचे सार मी इतिवृत्तात एका ओळीत नोंदविले आहे: लाकडाच्या भरीव फळीतून निघून, विमानविद्या आणि रसायनशास्त्र यांच्या आश्रयाने चाळीस वर्षे पोकळपणाची साधना करून, मनुष्यजात पुनश्च भरीव फळीपाशी आलेली आहे; फक्त मधल्या काळात किमतीत फरक पडला आहे.

आता "ऑल-राउंड" या शब्दाचा विचार. अर्जदाराने तो सहज लिहिला होता, पण कागदावर आलेला शब्द कोणाची तरी जबानी घेतल्यावाचून मी पुढे जाऊ देत नाही. म्हणून प्रत्येक सभासदास मी स्वतंत्रपणे विचारले की, आपणांस पॅडलकडून नेमके काय हवे. पुण्याचा तरुण म्हणाला, "काका, पॉवर आहेच माझ्याकडे; थोडा कंट्रोल मिळाला की झालं. पण पॉवर कमी व्हायला नको." डॉक्टरांना कोपर दुखू नये असे वाटत होते, मात्र कोपर दुखण्यासारखी सर्व्हिस करावयाची मुभाही हवी होती. गणिताच्या बाई किचनच्या रेषेशी, म्हणजे जाळ्यापासून सात फुटांच्या ज्या पट्ट्यात उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारण्यास मनाई आहे त्याच्या तोंडाशी, उभ्या राहून असे हलके, अचूक आणि निर्दय डिंक, म्हणजे अलगद फटके, टाकीत की समोरचा गडी स्वतःच्या घाईनेच पराभूत होई. त्यांना हात चपळ फिरावा असे पॅडल हवे होते, शिवाय मागे गेल्यास ड्राइव्हही बसावा. फोरमनसाहेबांना बॉल बॅडमिंटनच्या सवयीमुळे लांब पोहोच हवी होती, आणि लांब असूनही ते पॅडल रुंद असावे अशी पुस्ती होती. मी या साऱ्या कैफियती शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा माझी खात्री झाली की, सर्वगुणी पॅडल मागणाऱ्या मनुष्यास सर्व गुण नको असतात. आपल्या खेळात जो एकच दोष आहे त्याचे नाव उच्चारावे लागू नये, एवढेच त्यास हवे असते. ज्याला "माझे फटके मध्यावर बसत नाहीत" असे म्हणता येते तो रुंद पॅडल घेऊन पाच मिनिटांत मोकळा होतो. ज्याला ते म्हणता येत नाही तो ऑल-राउंड घेतो. विक्रेत्यांनी मनुष्यस्वभावाची ही नाडी केव्हाच ओळखलेली असून, दोष कबूल करून घेणारे पॅडल ते कडेच्या खणात ठेवतात आणि न करून घेणारे मधल्या.

नियमांची अडचण निराळीच. पॅडलची लांबी आणि रुंदी यांची बेरीज २४ इंचांच्या पुढे जाता कामा नये, आणि नुसती लांबी १७ इंचांच्या पुढे. म्हणजे चोवीस इंचांच्या एका वडिलोपार्जित मिळकतीचे लांबी आणि रुंदी हे दोन वारस आहेत, आणि एकास अर्धा इंच अधिक दिला की तो दुसऱ्याच्या वाट्यातूनच द्यावा लागतो. हे प्रकरण मला आजन्म परिचयाचे. १६.५ बाय ७.५ चे लांबट पॅडल घेतले तर पोहोच आणि जोर वाढतो, पण मध्य चुकलेला चेंडू मनगटात पॅडल फिरवून टाकतो. १६ बाय ८ चे रुंद घेतले तर क्षमाशीलता वाढते, पण फोरमनसाहेबांचा हात चार बोटे आखूड पडतो. या दोहोंच्या मध्ये जे समझोत्याचे पॅडल असते त्यास हायब्रिड म्हणतात, आणि आपसांत तडजोड झालेल्या दाव्याप्रमाणे त्यावर दोन्ही पक्ष सारखेच नाखूष असतात. जाडीचेही तेच: १६ मिलिमीटरचा गाभा चेंडूला क्षणभर पोटाशी धरतो आणि मऊ हाताला साथ देतो, १४ मिलिमीटरचा त्याला धरण्याच्या भानगडीत न पडता लावून देतो. वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास असावे यावर कोणाची तक्रार नव्हती, पण तेवढ्यात बाईंनी फळा मागविला आणि एकूण वजनाला अर्थ नसून ते वजन हातापासून किती दूर आहे याला अर्थ आहे, आणि तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे असे स्वच्छ सिद्ध केले की, पॅडलच्या टोकाला शिशाची पट्टी चिकटवून "थोडेसेच तर आहे" असे म्हणणाऱ्या पुण्याच्या तरुणास आपला खांदा का दुखतो हे त्या दिवशी प्रथम कळले. ज्यास स्विंगवेट म्हणतात तो हाच आकडा. तो ११५ च्या अलीकडेपलीकडे असला म्हणजे साधारण मनुष्य साधारण रीतीने हात फिरवू शकतो.

शोळिंगनल्लूरच्या हवेचा मुद्दा मीच काढला. येथील दमटपणात मूठ इतकी घामेजते की पॅडल चेंडूच्या आधी जाळ्यापलीकडे जाण्याचा संभव असतो. म्हणून मूठ फार जाड नको, तीवर बदलता येण्याजोगी सच्छिद्र पट्टी गुंडाळता यावी, आणि ती पट्टी असोसिएशनच्या खर्चाने असावी की ज्याच्या त्याच्या, हे आधी ठरावे. शिवाय समुद्र जवळ; वारा सुटला की पाव शेराहून कितीतरी हलका तो सच्छिद्र चेंडू बकिंगहॅम कालव्याची वाट धरतो, आणि मग मुळमुळीत पॅडलने तो परत वळविता येत नाही. पट्टीचा प्रश्न पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला व अद्यापि तहकूबच आहे.

शेवटी प्रत्यक्ष परीक्षा घ्यावयाचे ठरले. अमेरिकेहून परतलेल्या एका रहिवाशाने आपली दोन फोमची पॅडले दिली; त्यांत क्लब-हाउसमधील जुनी पोळ्याची पॅडले मिसळली; आणि नावाला भुलून कौल दिला जाऊ नये म्हणून बाईंनी सर्वांवरील छापील नावे चिकटपट्टीने झाकून मुठींवर एकाच रंगाचे वेष्टन चढविले व प्रत्येकास एक क्रमांक दिला. प्रत्येक सभासदाने प्रत्येक क्रमांकाने खेळावे, गुण गुप्त कागदावर लिहावेत आणि कागद माझ्या स्वाधीन करावेत, अशी तजवीज होती. आयुष्यभर मी निवडणुकांच्या कामावर गेलो, पण इतकी निर्मळ मतमोजणी माझ्या हातून पूर्वी झाली नव्हती. निकालही निर्विवाद लागला. क्रमांक तीन सर्वांहून सरस: जोर उत्तम, सहजता उत्तम, चेंडू "आपण होऊन" निघतो, असा अभिप्राय डॉक्टरांनी दिला, पुण्याच्या तरुणाने तर "हेच फोम. लगेच कळतं" असे लिहून खाली दोन रेघा मारल्या.

फोरमनसाहेबांनी क्रमांक तीन हातात घेतले, कानाजवळ धरले, आणि मधल्या बोटाच्या पेराने कडेपासून मध्यापर्यंत हळूहळू ठोकीत नेले. एका जागी आवाज बसला. त्यांनी पुन्हा ठोकले, पुन्हा बसला. मग त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी कवच दाबले, ते दाबले गेले, आणि चिकटपट्टी सोलल्यावर खाली क्लब-हाउसचा जुना शिक्का निघाला. समितीने एकमताने सर्वोत्कृष्ट ठरविलेले पॅडल हे आतून मोडलेले, मोडीत काढण्यासाठीच नेमलेले आणि कोणत्याही सामन्यास नियमबाह्य असे पोळ्याचे पॅडल होते. इतिवृत्तात ही नोंद कशी करावी याविषयी मला एका सभासदाकडून रदबदली आली. मी ती नोंद जशीच्या तशी केली.

त्यानंतर निर्णयास वेळ लागला नाही, कारण कोणालाही आपले मत पुन्हा मांडण्याचे धैर्य उरले नव्हते, आणि समित्यांचे उत्तम निर्णय अशाच घटकेस होतात. हायब्रिड आकार, १६ मिलिमीटरचा फोमचा गाभा, कार्बनचे खरखरीत पण मर्यादेतले कवच (त्या खरखरीतपणावरही ३० मायक्रोमीटरचा निर्बंध आहे, म्हणजे चेंडूला गिरकी द्यावी, पण ती मोजून द्यावी), मध्यम वजन, आणि संख्या चाराऐवजी दोन, कारण खजिनदारांनी पोपड्यांचे अंदाजपत्रक सोबत जोडले होते. फोम किती वर्षे टिकतो असा प्रश्न डॉक्टरांनी विचारला. यावर पुण्याच्या तरुणाने प्रामाणिकपणे सांगितले की, ही पॅडले बाजारात येऊनच इतके थोडे दिवस झाले आहेत की त्यांच्या म्हातारपणाचा अनुभव अद्यापि जगातच कोणाला नाही. माझ्या वयाच्या मनुष्यास हे उत्तर ऐकून त्या पॅडलविषयी एक प्रकारचा हेवा वाटला.

पॅडले आली. पहिल्या सकाळी डॉक्टर शब्दाला जागून खाली उतरले, बाई रेषेवर उभ्या राहिल्या, मी ०-०-२ असा तीन आकड्यांचा पुकारा केला, जो ऐकून जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येक नवख्या मनुष्यास दूरध्वनीचा क्रमांक चालला आहे असे वाटते. आणि फोरमनसाहेबांनी हात वर करून खेळ थांबविला. तपासणीवाचून गाडी सोडण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी नवे पॅडल कानाशी धरले आणि कडेने ठोकले, मध्ये ठोकले, मुठीजवळ, टोकाजवळ, डावीकडे, उजवीकडे ठोकले. दुसरेही घेतले, तेही तसेच ठोकले. चेहरा उत्तरोत्तर खिन्न होत गेला.

"काय झालं साहेब? काही दोष?" मी विचारले.

"नाही सार्," ते म्हणाले. "आवाज सगळीकडे एकच येतो. मग यात तपासायचं काय?"

त्यांनी दोन्ही पॅडले माझ्या हाती परत दिली, आणि शेजारच्या कोर्टावर आपली घरची पोळ्याची पॅडले घेऊन खेळणाऱ्या तरुणांकडे, बोटाचे पेर सरळ करीत, ते निघून गेले. आम्ही तिघे चौथ्या गड्याची वाट पाहत उभे राहिलो.